दुसरं पाकीट

"दोघंही भिंतीकडे तोंड करा. आणि मागे पाहायचं नाही, सांगून ठेवते," कुंदाताई म्हणाल्या.

देवतळे सर आणि मी निमूटपणे वळलो. सर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, आमच्या संस्थेतल्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. शिक्षा झालेल्या पोरांसारखे आम्ही दोघं ग्रंथालयाच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे होतो. चौदा जानेवारी, संक्रांत. पाठीमागे ग्रंथपाल कुंदाताई ढोटे माझ्या संगणकावर एका बोटानं टाईप करत होत्या.

"झालं का हो? की एकेक आकडा शोधून राहिल्या?" सरांनी विचारलं.

"बोलू नका, सर. चुकलं तर तुमच्याच माथी."

"चुकलं तरी चालते. आम्हाला कळलं नाही पाहिजे, बस."

मग पेनाची कुरकुर ऐकू आली. कुंदाताईंनी तोच आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीवर फुंकर घातली आणि चुकचुकल्या. त्यांचं शाईपेन अख्ख्या संस्थेत बदनाम होतं. निळी शाई इतकी कच्ची की घामेजलं बोट लागलं तरी पसरायची. ग्रंथालयाच्या रजिस्टरात माझं नाव सहा वर्षं निळ्या डागाआडच राहिलं. त्यांनी चिठ्ठीची चार घड्यांची पुडी केली, खाकी पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "वळा आता."

सरांनी मेणबत्ती पेटवली, लाखेची कांडी धरली. सर पूर्वी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढत, तेव्हाची ही सवय. तोंड बंद करायचं, दोन ठिकाणी लाख, लाखेवर विभागाचा शिक्का आणि जोडावर दोघांच्या आडव्या सह्या. मी सही केली, तारीख घातली. पाकीट कुंदाताईंच्या लोखंडी कपाटात गेलं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मग तिळगूळ.

हे एवढं नाटक कशासाठी, ते सांगते. आमची संस्था नागपुरात होती. तिचं नाव सांगत नाही, त्या इमारतीत आता मॅनेजमेंट शिकवतात. आमचा प्रयोग मात्र परदेशातल्या एका मोठ्या यंत्रावरचा. तिथे तीनशे माणसं, त्यात नागपूरची आम्ही दोन. काम सांगायला सोपं आहे. एक जड कण असतो, तो फुटतो. असे हजार कण फुटले तर त्यातले किती आपल्याला हव्या त्या वाटेनं फुटतात, एवढंच मोजायचं. अडचण अशी, की वाटेत एक थांबा आहे. जड कण फुटून आधी एक मधला कण होतो आणि तो जन्मतो न जन्मतो तोच त्याचे दोन तुकडे होतात. आपल्या हाती लागतात ते तुकडे. त्यांच्यावरून मधल्याचं वस्तुमान काढायचं. पण जो इतका अल्पायुषी, त्याचं वस्तुमानही नेमकं एक नसतं. तो निसर्गाचाच नियम आहे. म्हणून आलेखावर टोकदार सुळका येत नाही, पसरट टेकडी येते. टेकडी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते मोजणाऱ्यानं ठरवायचं. त्याला आम्ही खिडकी म्हणायचो. खिडकी कमीजास्त उघडली की उत्तरही कमीजास्त होतं.

आणि माणसाला ठरवायला दिलं की माणूस आपल्याला आवडेल असंच ठरवतो, अगदी प्रामाणिक माणूससुद्धा. म्हणून आमच्यात रीत आहे की उत्तर झाकून ठेवायचं. संगणक खऱ्या उत्तरात एक गुपित आकडा मिळवून दाखवतो. सगळे निर्णय त्या झाकलेल्या उत्तरावर घ्यायचे आणि पक्के करायचे. मग पाकीट फोडायचं, गुपित आकडा वजा करायचा आणि जे येईल ते छापायचं. नंतर काहीही हलवायचं नाही.

ही रीत मला देवतळे सरांनीच शिकवली. पहिल्या वर्षी म्हणाले होते, "नीलिमा, उत्तर आधी पाहून गणित करणाऱ्याला आमच्या गावात शाळेतून घरी पाठवत."

आता त्यांच्याविषयीची एक गोष्ट, जिच्यावाचून पुढचं कळणार नाही. हीच मोजणी सरांनी एकवीस वर्षांपूर्वी, परदेशात असताना केली होती. उत्तर आलं होतं दर हजारी एक पूर्णांक बेचाळीस. तो आकडा पुस्तकांत गेला, तक्त्यांत गेला. संस्थेत त्याला सगळे 'सरांचा आकडा' म्हणत. त्यांच्या स्कूटरचा नंबरही १४२ होता आणि तो योगायोगानं मिळाला असं ते सांगत तेव्हा कुणी विश्वास ठेवत नसे. नागपुरात परतल्यावर त्यांनी पुष्कळ काही केलं, पण माणसं त्यांना ओळखत ती त्या आकड्यामुळे. मला त्यांचा अभिमान होता. उगीच का लपवू, माझी त्यांच्यावर भक्तीच होती.

आणि भक्ती असली की प्रसादाची वाट पाहणं आलंच. सर कुणाचं कौतुक करत नसत. माझ्या वहीच्या समासात ते पेन्सिलीनं एकच शेरा लिहीत, 'पुन्हा पाहा'. गणित चूक असलं तरी 'पुन्हा पाहा', आणि चूक नसलं तर काहीच नाही. विभागात वदंता होती की फार वर्षांपूर्वी त्यांनी एका विद्यार्थ्याच्या वहीत 'बरोबर' असं लिहिलं होतं आणि त्यानं ते पान फ्रेम करून घेतलं. सहा वर्षांत मला ते मिळालं नव्हतं. मी सव्विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्या एका शब्दासाठी राबले, असं म्हटलं तरी खोटं नाही.

मार्च महिन्यात मला दुसरी एक टेकडी सापडली.

सर आपल्या खोलीत एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर काहीतरी आकडेमोड करत बसले होते. कोरा कागद वापरणं त्यांना पाप वाटे. वीजबिलं, लग्नपत्रिका, सगळ्यांच्या पाठी भरलेल्या, आणि त्यातलं एकही ते टाकत नसत.

"सर, आपल्या टेकडीखाली आणखी एक टेकडी आहे," मी म्हणाले.

"मला तर दिसली नाही कधी."

"दिसणारच नाही. फार पसरट आहे. जमीनच वाटते. दुसराच एक मधला कण आहे, आपल्याहूनही अल्पायुषी. त्याचेही तेच दोन तुकडे होतात. आपण ते आपले म्हणून मोजतोय."

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे शेजारच्या मांडवातले वऱ्हाडी आपल्या पंगतीत जेवून राहिले?"

"हो. आणि नुसते जेवत नाहीत. डाव्या बाजूला ते आपली संख्या वाढवतात, उजव्या बाजूला आपल्यातल्यांनाच उठवून ती कमी करतात. खिडकी दोन्हीकडे सारखी असती तर फिटंफाट झाली असती. पण आपली खिडकी डावीकडे जास्त उघडी आहे."

ही खिडकी आम्ही सरांच्या जुन्या पेपरातून जशीच्या तशी उचलली होती. म्हणजे शेजारचे वऱ्हाडी एकवीस वर्षांपूर्वीही जेवून गेले होते. हे मला तीन दिवसांपूर्वीच उमगलं होतं. त्यांना कसं सांगायचं, हेच समजत नव्हतं. पण सर स्वतःच हसले.

"म्हणजे माझ्याही पंगतीत जेवले असतील नं! किती पाहुणे?"

"आपलं झाकलेलं उत्तर एक पूर्णांक एकोणऐंशी होतं. पाहुणे वगळले तर एक पूर्णांक चौसष्ट."

पंधरा शतांशांचा फरक, आमच्या चुकीच्या मर्यादेच्या तिप्पट. त्यांनी ते दोन्ही आकडे पाकिटावर लिहून घेतले.

"वगळायलाच पाहिजे," ते म्हणाले. "जे आपलं नाही ते नाही. पुन्हा पाहा, आणि निघतच असेल तर वगळ."

त्या दिवशी मी सायकल चालवत घरी गेले ती जवळजवळ गात. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं मी आईला जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "भाग्य बिग्य ठीक आहे, पण फेलोशिप जूनमध्ये संपते नं तुझी?"

मी पुन्हा पाहिलं. चार आठवडे, तीन निरनिराळ्या रीतींनी. पाहुणे तेवढेच निघाले.

एप्रिलच्या मध्यात कुंदाताई पुतणीच्या लग्नाला काटोलला गेल्या आणि जाताना कपाटाची किल्ली विभागप्रमुख म्हणून सरांकडे ठेवून गेल्या. सतरा तारखेला भर दुपारी सरांचा निरोप आला. मी गेले तर टेबलावर नवं खाकी पाकीट, लाख ओतलेली, शिक्का उठवलेला.

"ग्रंथालयातला कूलर गळला," सर म्हणाले. "पाणी गेलं कपाटात. आपलं पाकीट चिंब झालं. चिठ्ठी तेवढी वाचवली, उलटी धरून सरळ यात सरकवली. सही कर."

जोडावर त्यांची सही आधीच होती. मी पेन उचललं, सही केली, तारीख घातली. "जुनं पाकीट?" एवढं विचारलं, तेही उगाच.

"लगदा झाला होता. टाकलं."

बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान होतं. कूलर तर संस्थेतले सगळेच गळत. मला त्यात काही वाटलं नाही. उलट, पाकीट बदलताना मला आठवणीनं बोलावलं, सही घेतली, याचंच कौतुक वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरात सर बदलले. आधी नुसतं म्हणाले, "त्या दुसऱ्या टेकडीचा आकार जगात कुणाला नीट माहीत नाही, नीलिमा." मी म्हटलं, तीन आकार घेऊन पाहिले, फरक पडत नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "एवढी वादग्रस्त गोष्ट मुख्य उत्तरात घालू नये. तळटीप दे." मी भांडले. माझ्या परीनं भांडले, म्हणजे आवाज न चढवता तासभर. तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या हातानं माठातलं पाणी दिलं.

"हे बघ, शेजारच्या मांडवात माणसं किती, हे आपल्याला ठाऊक नाही. अंदाजानं पाहुणे उठवत गेलीस तर आपलेही दोनचार उठतील पंगतीतून. ते पाप कोणाच्या डोक्यावर?"

"पण सर, मार्चमध्ये तुम्हीच..."

"मार्चमध्ये मी विचार कमी केला होता. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवावर विश्वास आहे का नाही?"

आता हा प्रश्न ज्यानं विचारला त्याला उत्तर ठाऊक असतं. मी पाहुणे पंगतीत बसवले, तळटीप लिहिली आणि निर्णय पक्का केला. मनात मी एकच समाधान बाळगून होते. निदान आम्ही दोघंही आंधळेपणानं ठरवत होतो. गुपित आकडा काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही, तेव्हा चूक झालीच तर ती प्रामाणिक असणार होती.

बारा मे, सकाळी अकरा. ग्रंथालयात विभागातली सगळी माणसं जमली. कुंदाताईंनी मोठ्या तोऱ्यात कपाट उघडलं, दुसरं पाकीट काढलं. लाख शाबूत, सह्या शाबूत. सरांनी कात्रीनं कड कापली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "तूच काढ. मान तुझा."

मी चिठ्ठी उलगडली. शून्य पूर्णांक सदतीस. मोठ्यानं वाचलं. फळ्यावर कुणीतरी एक पूर्णांक एकोणऐंशीतून वजाबाकी केली. एक पूर्णांक बेचाळीस. क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मग खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचा आकडा! एकवीस वर्षांनी, दुसऱ्या यंत्रावर, झाकून मोजलेला, आणि शेवटच्या अंकापर्यंत तोच. कुणी सरांच्या पाया पडलं. संत्रा बर्फीचा खोका उघडला गेला. सर मान खाली घालून हसत उभे होते.

मी चिठ्ठी धरून तशीच उभी होते.

निळी शाई. शून्याचं वाटोळं स्वच्छ, सदतिसातल्या साताचा फाटा सुईसारखा. एका कोपऱ्यात कुंदाताईंच्या अंगठ्याचा पुसटसा ठसा, जानेवारीत फुंकर घालताना उमटलेला, तोही जसाच्या तसा. पाण्याचा थेंबसुद्धा या कागदाला शिवला नव्हता. ज्या शाईनं माझं नाव सहा वर्षं घामाच्या बोटानं पुसलं जात होतं, ती लगदा झालेल्या पाकिटात चार घड्यांच्या आत कोरडी ठणठणीत राहिली होती.

मग एकेक सगळं जुळत गेलं. सतरा एप्रिल, आणि नंतरच्या आठवड्यातली ती पलटी. झाकलेल्या दोन आकड्यांपैकी कोणता सरांचा निघणार, हे फक्त सदतीस ठाऊक असलेल्यालाच कळलं असतं. मान वर केली तर कुंदाताई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मग त्यांनी हातातला बर्फीचा तुकडा पुन्हा खोक्यात ठेवला.

दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"शाई पसरली नाही, सर."

"कोणती शाई?"

"चिठ्ठीवरची. पाकीट चिंब झालं होतं म्हणालात."

ते खुर्चीत मागे रेलले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"चिठ्ठी मधोमध होती. पाणी तिथवर गेलं नसेल."

"पाकीट लगदा झालं आणि चिठ्ठीला थेंब नाही?"

"नीलिमा, तू मला काय विचारून राहिली, ते नीट विचार."

"तुम्ही आकडा पाहिला का?"

"नाही."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्यांनी समोरचा पेपरवेट सरळ केला.

"दुसऱ्या पाकिटावर सही तुझीही आहे. त्या दिवशी का नाही विचारलंस?"

"तुमच्यावर विश्वास होता म्हणून."

"आणि आज नाही. एका शाईच्या डागावरून. नव्हे, नसलेल्या डागावरून." ते उठून खिडकीशी गेले. "तुला ज्यांना लिहायचं त्यांना लिही. मी अडवणार नाही. पण तुझी फेलोशिप जूनमध्ये संपते आणि या निकालावर तुझा प्रबंध उभा आहे. घरी जा, जेव, झोप. आणि पुन्हा पाहा."

मी घरी गेले. जेवले नाही, झोपलेही नाही. दोन दिवसांनी मी प्रयोगाच्या निरीक्षण समितीला पत्र लिहिलं. पाकीट बदललं, शाई, निर्णयाची पलटी, सगळं. माझी सहीही लपवली नाही. पत्र पाठवायचं बटण दाबताना मी रडत होते. माझ्या बापाविरुद्ध साक्ष द्यावी तसं वाटत होतं.

समितीनं सरांना विचारलं. सरांनी सभ्य उत्तर दिलं, की पाकीट पाण्यानं खराब झालं, दोघांच्या सह्यांनी बदललं, आपण आकडा पाहिलेला नाही. समिती म्हणाली, शाईचा पुरावा पुरेसा नाही, पण शंकेचा डाग राहतो. निकाल मागे घेतला. मोजणी दुसऱ्या देशातल्या गटाला दिली. माझ्या प्रबंधाचा पायाच गेला. संस्थेत सर एवढंच म्हणायचे, "मुलगी हुशार, पण घाई झाली तिला." ते ऐकून लोक मान डोलवायचे. ज्यांच्याबरोबर सहा वर्षं एका डब्यात जेवले ते मला जिन्यात टाळू लागले. गुरूवर उलटलेली विद्यार्थिनी म्हणजे डोळ्यातलं कुसळ, कुणाला सोसवत नाही.

मी दुसऱ्या विषयावर, दुसऱ्या गावी, तीन वर्षांनी पीएचडी केली आणि अमरावतीला एका कॉलेजात शिकवायला लागले. दुसऱ्या गटाचा निकाल सात वर्षांनी आला. पसरट टेकडी वगळून दर हजारी एक पूर्णांक सत्तावीस. चौसष्टातून सदतीस गेले की उरतात तेवढेच. तक्त्यांतून सरांचा आकडा खाली गेला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण माझं मोजणं बरोबर ठरलं तरी माझा आरोप बरोबर होता का, हे काही त्यावरून ठरत नव्हतं. सर म्हणत होते तसंच घडलं असेल तर? कूलर खरंच गळला असेल, चिठ्ठी खरंच मधोमध राहिली असेल, आणि माणूस एखादा निर्णय प्रामाणिकपणेही चुकू शकतो. असं असेल तर मी एका निर्दोष म्हाताऱ्याचं नाव मातीत घातलं होतं. हा विचार मला वर्गात फळ्याकडे वळल्यावर यायचा, भाजी चिरताना यायचा. सर भेटले नाहीत, त्यांनी पत्र लिहिलं नाही, मीही लिहिलं नाही.

घटनेनंतर तेराव्या वर्षी सर गेले. मी गेले नाही. महिन्याभरानं एका रविवारी सकाळी कुंदाताई दारात उभ्या. निवृत्त झालेल्या, गुडघे दुखत होते, तरी नागपूरहून एसटीनं आल्या होत्या.

"बस्स, पाणी दे आधी," म्हणाल्या. पाणी पिऊन झाल्यावर पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि त्यातून एक खाकी पाकीट. "देवतळे वहिनींनी सरांची पुस्तकं लावायला बोलावलं होतं. खोकेच्या खोके जुनी पाकिटं, पाठीवर गणितं केलेली. रद्दीत द्यायला काढली होती. हे दिसलं म्हणून आणलं. सही तर तुझीच आहे नं?"

जोडावर माझी सही होती. तारीख चौदा जानेवारी. दोन्हीकडची लाख शाबूत. तळाची कड तेवढी ब्लेडनं सफाईनं कापलेली. कागद कडक, खाकी रंग एकसारखा, पाण्याचा डाग कुठेही नाही. मी ते नाकाशीसुद्धा धरून पाहिलं. तेरा वर्षं मानेवर असलेलं काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी खोटा आळ घेतला नव्हता.

"पाठीवर पाहा," कुंदाताई म्हणाल्या.

मी पाकीट उलटं केलं. सरांची पेन्सिल. वर तारीख, सोळा एप्रिल. पहिल्या ओळीत १.७९ वजा ०.३७, उत्तर १.४२. दुसऱ्या ओळीत १.६४ वजा ०.३७, उत्तर १.२७. त्याखाली तीन वेगवेगळ्या रीतींनी त्यांनी माझे पाहुणे स्वतः मोजून पाहिले होते, बारीक अक्षरात, पार कडेपर्यंत. तिन्ही वेळा तेवढेच निघाले होते. आणि अगदी तळाशी, खाली रेघ मारून, दोन शब्द होते.

'नीलिमा बरोबर.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून नव्या पाकिटावर सही घेतली होती.

कुंदाताईंनी विचारलं, "कोणाला दाखवायचं आहे का हे?" मी त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत राहिले. अक्षर घाईचं नव्हतं.